अर्थिंग (वीजकामाचे प्राथमिक शिक्षण)
नवशिक्या वायरमनने ओहमचा नियम फळ्यावर गिरवला तरी तो पटतो अर्थिंगच्या खड्ड्यापाशीच. बीदरच्या पठारावर जांभा, कलबुर्गीकडे काळी माती. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडतो, काळी माती भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. तो २३ ओहम झाला, तर २३० व्होल्टला दोषप्रवाह जेमतेम १० अँपिअर; १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलत नाही आणि मोटारीची बॉडी करंट मारत राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असताना खड्डा कशाला, हा आक्षेप लंगडा आहे: अर्थिंगविना तो बहुधा माणसाच्या अंगातून प्रवाह गेल्यावरच ट्रिप होतो. म्हणून आयटीआयच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात जोडणीआधी मोजणी हाताखालून जावी. मीठ-कोळसा भरून पाणी ओतले की काम झाले, ही समजूत सोडावी. अर्थ टेस्टर मे महिन्यात लावावा, पावसाळ्यातले आकडे फसवे असतात.