मुदती आणि दर्शनी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या पेढीवर नाण्यांबरोबर वहीचीही पूजा होते. या रीतीत मला एक शहाणपण दिसत आले आहे. नाणे म्हणजे हातातला पैसा. वही म्हणजे दुसऱ्याच्या हाती गेलेला पैसा. दोन्ही लक्ष्मीच, पण एक हाक मारताच येते, दुसरी आपल्या सवडीने येते. जुन्या पेढीवाल्यांनी हा फरक दोन शब्दांत बांधून ठेवला होता. दाखवताच जिचे पैसे मोजावे लागत ती दर्शनी हुंडी. ठरावीक दिवस भरल्यावर जिचे पैसे मिळत ती मुदती हुंडी. मी साधा शाळामास्तर, अर्थशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास मुलांना शिकवताना या दोन शब्दांनी मला जितके समजले, तितके सनावळ्यांनी समजले नाही.

आमचा मुलूख कापसाचा. मृगात सरकी पेरावी आणि दिवाळीच्या सुमारास सीतादही करून वेचणीला लागावे, हा इथला क्रम. मधल्या महिन्यांत कुणब्याच्या घरी दमडी नसे. ती सावकार देई. हे कर्ज जन्मतःच मुदती. बोंड फुटेपर्यंत सावकाराने कितीही आदळआपट केली तरी ते परत येणे नाही. सावकाराने कित्येकांच्या जमिनी गिळल्या, हे मी विसरलेलो नाही. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १८७५ साली शेतकऱ्यांनी कर्जखते जाळली आणि १८७९ साली सरकारला कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. पण हिशेबाची एक गोष्ट मान्य करायला हवी. गावच्या सावकाराचा पैसा बहुधा त्याच्या घरचा असे आणि ऋणकोचे बैल कसे आहेत हे त्याला ठाऊक असे. उद्या सकाळी येऊन ‘माझे पैसे आत्ता काढ’ म्हणणारे हजार लोक त्याच्या ओट्यावर उभे नसत.

ते हजार लोक आले मुंबईत. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे पाहू लागल्या. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. पांढऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत इतका पैसा लोटला की तो ठेवावा कुठे, हा प्रश्न पडला. मग रोज नवी बँक, नवी कंपनी, समुद्र बुजवण्याच्या नव्या योजना! प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या काळी घरोघरी पोचले. आता मौज पाहा. समुद्र बुजवायला वर्षानुवर्षे लागणार, म्हणजे काम मुदती. पण त्याचा शेअर मात्र बाजारात हव्या त्या क्षणी विकता येणार, म्हणजे वचन दर्शनी! बँक ऑफ बाँबेने तर असे शेअर तारण ठेवून कर्जे दिली. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा विकणारे सगळे होते, घेणारा कोणी नव्हता. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बाँबेचा शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ साली ती बँकच मोडीत निघाली. कापूस मात्र पिकतच राहिला. १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली ती त्याच्यासाठीच.

ही फार जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. तर आमच्याच जिल्ह्यातले मलकापूर पाहू. तिथल्या मलकापूर अर्बन सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. ठेवीदाराला १०,००० रुपयांहून अधिक काढता येईना. जुलै २०२३ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे छत्र होते, म्हणून बहुसंख्यांचा पैसा सुरक्षित राहिला. पण मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम लग्नाच्या दिवशी हाती न येणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी लग्न असते त्यालाच कळते.

आणि आता अमेरिकेतून नवी वार्ता आली आहे. तिथे बँकांना वगळून मोठमोठे फंड कंपन्यांना थेट कर्ज देतात. हे खासगी कर्ज. त्याला रोजचा बाजार नाही, रोजचा भाव नाही. एका अर्थी आमच्या सावकाराच्या खतासारखेच. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी स्टेट स्ट्रीट आणि अपोलो या कंपन्यांनी मिळून न्यूयॉर्कच्या बाजारात एक ईटीएफ आणला. ईटीएफ म्हणजे अनेक रोख्यांची एक टोपली, जिचा वाटा शेअरसारखा दिवसभर विकता येतो. या टोपलीत साध्या रोख्यांबरोबर सुमारे १० ते ३५ टक्के खासगी कर्जे ठेवण्याचा बेत होता. तिथल्या नियमाप्रमाणे सहज न विकता येणारा माल १५ टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणून अपोलोने रोज ठरावीक मर्यादेपर्यंत ही कर्जे विकत घेण्याचे वचन दिले. तरीही तिथल्या सरकारी नियामकाने लगोलग पत्र धाडून विचारले, की मालाचा भाव ठरणार कसा आणि तो विकला जाणार कसा?

ही योजना वाईटच, असे मी म्हणणार नाही. थांबणाऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत, हा न्यायच आहे, आणि अशी कर्जे निवृत्त माणसाच्या पुंजीला बरे व्याजही देतील. पण ते जादा व्याज थांबण्याचे मोल आहे. ज्याला थांबायचे नाही त्यालाही ते मिळेल असे कोणी सांगू लागला, की वाचकांनी आपल्या आजोबांचा प्रश्न विचारावा: ‘हुंडी मुदती की दर्शनी?’ आत मुदती आणि बाहेर दर्शनी असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न असा, की ज्या दिवशी सगळेच विकायला निघतील त्या दिवशी घेणार कोण, आणि किती? याचे उत्तर स्पष्ट आकड्यात मिळाले तर खुशाल पैसे गुंतवावेत. मात्र वर्षभराचे धान्य, मुलांची फी आणि औषधपाणी यांचा पैसा वेगळा काढूनच.