इंदूरची मैफल आणि आवाजाचा तोल

संगीताचा इतिहास लिहिताना आपण घराण्यांची वंशावळ मांडतो. गाणे श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचले कसे, याचा विचार मात्र सहसा करीत नाही. इंदूरपुरता तो येथे करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या इंदुरात नाना पानसे यांचा पखवाज गाजला. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. पखवाज हे घुमणारे वाद्य. थाप कुठे आवरायची, गवयाला वाट कुठे द्यायची, हे वादकाच्या हाताने ठरे. श्रोते जवळ बसत. आवाजांचा तोल कलावंत आपल्याच कानांनी सांभाळीत.

पुढे सभागृहे मोठी झाली आणि माईक आला. होळकर दरबारातील सारंगिये शहामीर खाँ यांचे चिरंजीव अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची गायकी आठवावी. चौदा मात्रांचा झुमरा, अतिविलंबित लय, मंद्र सप्तकातली संथ बढत. असे गाणे मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणे माईकवाचून अवघडच. माईकने गवयाला हळू गाण्याची मुभा दिली, हे त्याचे उपकार. पण त्याच वेळी तोल कलावंताच्या हातून सुटून यंत्रापाशी बसलेल्या माणसाकडे गेला.

त्याचे काम सोपे नाही. तबल्याचा आवाज गवयाच्या माईकमध्येही शिरतो. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परतला की शिट्टी वाजते. तंबोरा चढवला तर बोल बुडतात, उतरवला तर गवयाचा आधार जातो. म्हणून त्याच्यासमोर वेगळा स्पीकर ठेवावा लागतो. रिकाम्या सभागृहात जमवलेला तोल श्रोते भरल्यावर बिघडतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानात ३४ मीटर मागे दुसरा स्पीकर लावला, तर मंचाकडचा आवाज तेथे दशांश सेकंद उशिरा पोहोचतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मागचा स्पीकर तेवढाच उशिरा वाजवावा लागतो.

काही वर्षांपूर्वी इंदुरातच एका मैफलीला बसलो होतो. तबला इतका चढवलेला की खर्ज ऐकूच येईना. गवयाने दोनदा हाताने खूण केली. नंतर त्याने मुकाट्याने मंद्र सोडले आणि वरच्या सप्तकाची वाट धरली. रागाची मांडणी त्या रात्री यंत्राने ठरवली, हे किती श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल?

आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली इंदूरशेजारच्या देवासला गेले आणि तिथलेच झाले. तंबोरा सुरात लावण्याविषयी ते किती काटेकोर होते, हे रसिक जाणतातच. पडद्यामागे तंबोरे लागत असतात तेव्हा आमचा माईकवाला बहुधा तारा जोडण्यात गुंतलेला असतो. संयोजकांनी त्याला ती कामे आधी उरकू द्यावीत आणि ती पंधरा मिनिटे तंबोऱ्याजवळ बसवावे. एवढे तर आपल्या गावच्या मैफलीतही करता येईल.