यवक्रीचा सूड

बंगळूरच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्यावर बनशंकरीचे देऊळ आहे. राहुकाळी लिंबाच्या सालीत दिवे लावणाऱ्या भाविकांची तेथे दाटी असते. ही देवी मूळची बदामीची. महाराष्ट्रातीलही कित्येक घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. तिलाच शाकंभरी म्हणतात, आणि शाकंभरीची कथा ही अवर्षणाची कथा आहे. शंभर वर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा देवीने आपल्या देहातून उपजलेल्या भाज्यांनी प्राणिमात्र जगवले. बनशंकरीजवळच्याच जे. पी. नगरात गिरीश कार्नाड (१९३८–२०१९) यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. त्यांच्या ‘अग्नि मत्तु मळे’ (अग्नी आणि पाऊस) या कन्नड नाटकातही अवर्षण आहे. मात्र येथे एका घराची राख झाल्यावाचून पाऊस येत नाही. ही राख होण्यास यवक्री नावाचा एक सूडाने पेटलेला पुत्र कारण होतो.

पित्यासाठी सूड घेणारा पुत्र मराठी रंगभूमीला नवा नव्हे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे गणपतराव जोशी यांच्या चंद्रसेनाने प्रेक्षकांच्या मनात घर केले. परंतु चंद्रसेनाला सूडाची आज्ञा पित्याच्या पिशाच्चाने दिलेली असते. यवक्रीला अशी आज्ञा कोणीच दिलेली नाही. त्याच्या शोकांतिकेचे मूळ मला येथे दिसते.

महाभारताच्या वनपर्वात ही कथा लोमश ऋषी युधिष्ठिराला सांगतात. भरद्वाज आणि रैभ्य हे मित्र. रैभ्य व त्याचे पुत्र अर्वावसू व परावसू यांना समाजात मान आहे. भरद्वाज उपेक्षित आहे. हे शल्य उराशी धरून यवक्री तप करतो आणि गुरूवाचून वेदज्ञान मागतो. इंद्र म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या वेषात येऊन मूठमूठ वाळूने गंगेवर सेतू बांधू लागतो, तरी यवक्री उमजत नाही. वर मिळाल्यावर पिता त्याला गर्वाचे परिणाम सांगून सावध करतो, तेही व्यर्थ जाते. यवक्री रैभ्याच्या सुनेवर हात टाकतो आणि मारला जातो. व्यासांच्या कथेत या कृत्यामागे काम आणि उन्माद आहे. तो बदला नव्हे.

कार्नाडांनी नेमकी ही गाठ बदलली. सात वर्षे चाललेल्या यज्ञाचे मुख्य पौरोहित्य आपल्या पित्याला न मिळता परावसूला मिळाले, हा यवक्रीचा दंश आहे. परावसूची पत्नी विशाखा ही त्याची पूर्वीची प्रेयसी. दहा वर्षांच्या तपानंतर तो तिला भेटतो. हे प्रेमाचे पुनर्मीलन आहे, असे तिच्याप्रमाणेच प्रेक्षकालाही वाटते. रैभ्य संतापून ब्रह्मराक्षस सोडतो, तेव्हा यवक्रीला वाचविण्यासाठी विशाखा धावत येते, आणि हे सारे त्याने योजूनच घडविले होते हे तिला त्याच्याच तोंडून कळते. राक्षसाच्या पारिपत्यासाठी त्याने कमंडलूत मंत्रित पाणी तयार ठेवलेले असते. ते पाणी विशाखा ओतून टाकते.

महाभारतात कमंडलू पळवते ती रैभ्याच्या जटेतून उत्पन्न झालेली, सुनेचे रूप घेतलेली कृत्या. कार्नाडांनी मायेची स्त्री वगळून तिचे काम खऱ्या स्त्रीकडे दिले. माझ्या मते नाटकातील हा सर्वांत महत्त्वाचा फेरफार आहे. जिला यवक्रीने साधन मानले, तिच्याच हातून त्याचा डाव उधळतो. मग तो पित्याच्या आश्रमाकडे धावतो. पावलांच्या चाहुलीवरून माणूस ओळखणारा आंधळा द्वारपाल अंधक त्याची पावले ओळखत नाही आणि त्याला दारातच अडवतो. पित्याच्या नावाने सूड घेणारा पुत्र पित्याच्याच घराला परका ठरतो! मुळातला सावध करणारा भरद्वाज नाटकात रंगमंचावर येतच नाही. त्यामुळे हा पुत्र पित्याच्या मानासाठी झुंजतो की स्वतःच्या, हे विचारणारेही कोणी उरत नाही.

यवक्री नाटकाच्या पूर्वार्धातच मरतो, आणि त्याला जे साधले नाही ते पुढे दुसराच पुत्र साधतो. महाभारतात परावसू रात्रीच्या अंधारात पित्याला हरीण समजून मारतो. नाटकात तो जाणूनबुजून बाण सोडतो आणि पाप धाकट्या अर्वसूच्या माथी मारतो. यवक्रीने त्या घरात द्वेष आणला नाही. तेथे दबलेल्या द्वेषाला त्याने वाट करून दिली. अर्वसूवर जीव लावणारी वनवासी नित्तिलाईही या वणव्यात जाते, आणि तिचा तर या वैराशी काडीचाही संबंध नव्हता.

अखेरीस इंद्र प्रसन्न होतो. मूळ कथेत देव सर्वांना जिवंत करतात, यवक्रीसुद्धा उठतो. नाटकात अर्वसू नित्तिलाईला परत मागतो, तेव्हा कालचक्र उलटे फिरले तर तिच्याबरोबर रैभ्य, परावसू, यवक्री सगळेच उठतील, आणि त्यांच्यासोबत तेच वैरही, हे त्याला कळते. अर्वसू आपले मागणे सोडतो आणि यवक्रीला मारण्यासाठी जागवलेल्या त्या ब्रह्मराक्षसाची मुक्ती मागतो. पाऊस पडू लागतो, तहानलेले लोक आनंदाने ओरडत असतात, आणि अर्वसूजवळ नित्तिलाईचे शव असते.