शीव सरकली, पाटी तिथेच राहिली

मुंबईत वेगमर्यादेचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत चलानवर येते. कॅमेरा कुठे आहे, दंड किती आला, लोकअदालतीत किती कमी होईल. मला वाटतं, आपण ही गोष्ट शेवटच्या पानापासून वाचतोय. पाटीवरचा आकडा कुणी ठरवला आणि ज्या रस्त्यावर ती पाटी आहे तो रस्ता आज नेमका काय आहे, हे आधी विचारायला हवं. त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागेल. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात शीवपासून करू. रेल्वेच्या तोंडी ते सायन झालं, पण मूळ शब्द शीव. शीव म्हणजे वेस, हद्द. मुंबई बेट तिथे संपायचं, मध्ये खाडी आणि पलीकडे साष्टी. शहराचं अंतर मोजायचं ते फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून. हे चर्च १७१८ चं. चर्चगेट हे नाव पडलं तेही या चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून. तिथून निघणाऱ्या रस्त्यांवर दर मैलाला काळ्या दगडाचा खांब, त्यावर रोमन आकडा. यातले काही दगड अजून आहेत. फुटपाथची उंची वाढत गेली तसे ते जमिनीत गेले, काहींचं नुसतं डोकं वर राहिलं. अलीकडे महापालिकेने त्यातले काही उकरून नीट बसवलेत.

त्या दगडांवर फक्त अंतर असायचं, वेग नसायचा. गरजही नव्हती. पायी जाणारा, बैलगाडी आणि टांगा यांच्या वेगात असं कितीसं अंतर असणार?

मग बेट पलीकडच्या जमिनीला जोडलं गेलं. शीवची खाडी गव्हर्नर डंकनच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांध घालून ओलांडली गेली. त्यावरून जायला कंपनी सरकार टोल घ्यायचं. माहीमचा कॉजवे झाला १८४० च्या दशकात, लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशांतून. सुमारे दीड लाखांची त्यांची देणगी, आणि अट अशी की टोल घ्यायचा नाही. माहीमचा एल. जे. रोड म्हणजे त्याच लेडी जमशेटजी. मुंबईच्या वेशीवरचं टोलचं भांडण आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जुनं आहे.

या दोन वाटांतून दोन मोठे रस्ते पुढे गेले. शीवहून कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे असा आग्रा रोड, आणि वांद्र्याहून अंधेरी, मालाड, बोरिवली असा घोडबंदर रोड. दोन्ही गावांमधून जाणारे, वळणावळणाचे. आज पहिल्याला आपण एलबीएस म्हणतो आणि दुसऱ्याला एसव्ही रोड. पाट्या बदलल्या, पण घाटकोपरची जुनी माणसं बोलता बोलता आग्रा रोडच म्हणतात. आज एलबीएसवर भाजी घेताना कुणाला वाटेल का, की हा आग्र्याला जाणारा हायवे होता? पण होता. शहर त्याच्या दोन्ही बाजूंनी उभं राहिलं, दुकानं आली, शाळा आल्या, आणि बाहेर जाणारा रस्ता मोहल्ल्याचा रस्ता झाला. असं होण्याची ती पहिली वेळ.

दुसरी वेळ आपल्या आईवडिलांच्या पिढीतली. १९५० मध्ये मुंबईची हद्द शीव-माहीम सोडून उपनगरांत गेली. १९५७ मध्ये ती थेट मुलुंड आणि दहिसरपर्यंत पोचली. जुने दोन रस्ते आता हद्दीच्या आत आले, गर्दीने भरले. मग नवे, सरळ, रुंद रस्ते हवे झाले. १९४८ मध्येच मोडक आणि मेयर यांनी बृहन्मुंबईच्या मास्टर प्लॅनचा आराखडा मांडला होता, त्यात भविष्यातल्या अशा मोठ्या रस्त्यांचा विचार होता. पुढे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग झाले. हे रस्ते तेव्हाच्या वस्तीच्या कडेने काढले होते. पश्चिमेच्या हायवेच्या पूर्वेला तेव्हा डोंगर, शेती, तबेले, आदिवासी पाडे. द्रुतगती हे नाव तेव्हा खोटं नव्हतं.

याच सुमारास मैल गेला. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली आणि हळूहळू रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटर लिहिले गेले. बोलीत मैल राहिला, पाटीवरून गेला.

१९६३ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीचा मुंबईच्या वाहतुकीवरचा अहवाल आला. शहराच्या दोन्ही किनाऱ्यांनी वेगवान रस्ते काढा, असा त्याचा सूर होता. आज सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे आणि कोस्टल रोड म्हणून आपण जे बघतो त्याची मुळं तिथे आहेत. सी लिंक खुला झाला २००९ मध्ये, फ्रीवे २०१३ मध्ये, कोस्टल रोडचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये. म्हणजे कल्पनेपासून डांबरापर्यंत साठेक वर्षं. तोवर शहराने वाट बघितली नाही, ते आहे त्या हायवेंभोवती वाढत गेलं.

मधला मोठा टप्पा १९९० च्या दशकातला. १९९६ मध्ये एमएसआरडीसी स्थापन झाली आणि मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा कार्यक्रम आखला गेला. त्या पुलांचे पैसे वसूल करायला दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी असे पाच टोलनाके आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे हलक्या वाहनांना टोल माफ झाला. टोलवर आपण पंचवीस वर्षं भांडलो. पण त्या पुलांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्यावर कुणी फारसं बोललं नाही. पुलाने हायवेवरचा सिग्नल काढला. गाडीवाल्यासाठी सिग्नल म्हणजे खोळंबा. पण चालणाऱ्यासाठी तो रस्ता ओलांडायची एकमेव हक्काची वेळ होती.

आता नावं आणि मालक बघा. पश्चिम हायवे लोकांच्या तोंडी एनएच आठ, म्हणजे मुंबई-दिल्ली. पूर्वेचा तीन नंबर, मुंबई-आग्रा. २०१० मध्ये केंद्राने देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. म्हणून कोकणातून गोव्याला जाणारा जुना १७ आता ६६ आहे, आणि दिल्ली, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बेंगळुरू, चेन्नई अशी अखंड वाट ४८. हिशेब चांगला आहे. पण अजूनही ट्रकवाल्याला पत्ता सांगताना आपण आठ नंबरच म्हणतो.

मालकीचं तर विचारूच नका. मुंबईच्या हद्दीतले हे दोन हायवे आधी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, मग एमएमआरडीएकडे, आणि २०२२ च्या शेवटी महापालिकेकडे आले. तेव्हा बातम्या सगळ्या खड्ड्यांच्या होत्या: आता खड्डे कोण बुजवणार? रास्त प्रश्न. पण त्या हस्तांतरणाचा अर्थ माझ्या मते मोठा होता. ज्या रस्त्याला आपण महामार्ग म्हणतो, तो शहराचा रस्ता झाला हे सरकारने कागदावर मान्य केलं. आग्रा रोडचा जो एलबीएस झाला, तेच इथेही झालं. फक्त यावेळी रस्त्याचं नाव आणि चाल जुनीच राहिली.

इथे वेगमर्यादा येते. एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे कारसाठी कमाल मर्यादा एक्सप्रेसवेवर १२०, चार किंवा जास्त मार्गिकांच्या दुभाजक असलेल्या रस्त्यावर १००, आणि पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर ७०. दुचाकीला पालिका हद्दीत ६०. हे वरचं टोक. त्याच्या खाली किती ठेवायचं हे राज्य आणि स्थानिक यंत्रणा ठरवू शकतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ हेच सांगतं, आणि एक महत्त्वाची गोष्ट जोडतं. अशी मर्यादा घालायची तर राजपत्रात अधिसूचना काढायची आणि योग्य जागी पाटी लावायची. म्हणजे पाटी ही शोभेची वस्तू नाही, ती कायद्याचाच भाग आहे. झाडामागे गेलेली, बॅनरने झाकलेली किंवा पुलाच्या सावलीत न दिसणारी पाटी म्हणजे अर्धा कायदा.

नवे रस्ते या बाबतीत सरळ आहेत. अटल सेतूवर कारला १००, चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. कोस्टल रोडवर सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणं आणि आत-बाहेर पडण्याच्या जागी ४०. सी लिंकवर ८०. हे आकडे मला पटतात. अटल सेतूवर कुणी दूध आणायला रस्ता ओलांडत नाही.

पश्चिम हायवेवर ओलांडतात. मी मालाड पूर्वेला राहतो. २०२२ पासून हायवेवरून मेट्रो धावते. मागाठाणे, पोयसर, आकुर्ली, कुरार, दिंडोशी ही स्थानकं हायवेवरच आहेत. स्थानकातून पलीकडे जायला पूल आहेत, चांगली गोष्ट. पण रात्री साडेदहाला स्थानकातून उतरणारी माणसं बघा. रिक्षा शोधणारे, बसस्टॉपकडे धावणारे, हातात झोपलेलं पोर घेतलेल्या बाया. दोन पुलांच्या मधे ज्याचं घर आहे तो दुभाजकाच्या फटीतून जातो. त्याला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. पण ज्या रस्त्यावर दर थोड्या अंतरावर मेट्रोचं स्थानक आहे, त्याला हायवे म्हणणं हीसुद्धा एक प्रकारची बेशिस्तच नाही का?

हिशेब साधा आहे. ७० च्या वेगाने गाडी सेकंदाला १९ मीटरहून जास्त जाते. माणूस दिसला आणि पाय ब्रेकवर गेला, या मधला एक सेकंद धरला तरी तेवढं अंतर ब्रेक न लागताच संपतं. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना शहरात जास्तीत जास्त ५०, आणि जिथे चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३० ची शिफारस करते. मुंबईत रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत बहुतेक जण पायी चालणारे किंवा दुचाकीवरचे असतात. काचेच्या आत बसलेले कमी.

आता नेहमीचा आक्षेप. ‘अहो, हायवेवर संध्याकाळी १५ च्या स्पीडने जातो, कसली ७० ची मर्यादा?’ खरं आहे. संध्याकाळी मर्यादा ट्रॅफिक जॅमच ठरवतो. पाटीचं काम रात्री अकरानंतर असतं, पहाटे असतं, रविवारी सकाळी असतं. आणि तेव्हा किती वेळ वाचतो? दहा किलोमीटरला ७० ने साडेआठ मिनिटं लागतात, ५० ने बारा. फरक साडेतीन मिनिटांचा. त्या साडेतीन मिनिटांसाठी आपण काय पणाला लावतोय, ते एकदा मोजून बघा.

मी सगळीकडे ३० करा म्हणत नाही. बाहेर जाणाऱ्या गाड्यांना वाट हवीच, आणि त्यासाठीच तर आपण समुद्रात रस्ते बांधतोय. पण मग जुन्या हायवेंना आतला रस्ता म्हणून वागवा. आता एकच मालक आहे, त्यामुळे टोलवाटोलवीला जागा कमी. प्रत्येक मेट्रो स्थानकाच्या दोन्ही बाजूंना वेगळी, कमी मर्यादा आणि ती दुरून दिसेल अशी पाटी. जिथे लोक खरोखर ओलांडतात तिथे जमिनीवरूनच ओलांडायची सोय, सिग्नलसकट. पुलांचे जिने वयस्कर माणसाला चढता येतील असे, लिफ्ट चालू असलेली. आणि मर्यादा बदलली की चलान सुरू होण्याआधी लोकांना सांगणं, त्यामागचं कारणही सांगणं. ‘६० का?’ याचं उत्तर लोकांना मिळालं, तर कॅमेऱ्यावरची निम्मी चिडचिड कमी होईल.

शीव एकदा खाडीवर होती. मग ती मुलुंड आणि दहिसरला गेली. तिथे जकात नाके होते, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकातही गेली, पण ‘चेक नाका’ हे नाव राहिलं. आता शहर मीरा-भाईंदर, वसई, ठाण्यापर्यंत सलग पसरलंय आणि नव्या रस्त्यांचे आराखडे त्याच्याही पुढचे आहेत. वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे जाणारा कोस्टल रोड होईल, फ्रीवे ठाण्याकडे वाढेल. तेही आज कडेने जाणार आहेत. तीस-चाळीस वर्षांनी त्यांच्या बाजूलाही बिल्डिंगी असतील, शाळा असतील. तेव्हा तिथला आकडा कोण आणि कधी बदलणार, हे आजच त्या आराखड्यांत लिहून ठेवायला हवं. पुढच्या वेळी वॉर्डात या रस्त्यांची बैठक असेल तेव्हा खड्ड्यांबरोबर हाही प्रश्न विचारा. मीही विचारणार आहे.