अन्ननलिकेची जखम आणि रुग्णालयाचे अंतर

राज्यपुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी आजच्या नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर मुंबई राज्यात आले, तेव्हा कायद्यात त्याची नोंद आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील एक सर्कल, म्हणजे महसुली मंडळ, अशी होती. तोवर हा भाग हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात होता, आणि मुलांसाठीचे निलोफर रुग्णालय १९५३ मध्ये उघडले तेही हैदराबादेतच. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले. अन्ननलिकेच्या, म्हणजे घशाकडून जठराकडे अन्न नेणाऱ्या नळीच्या, जखमांच्या बाबतीत ही वर्षे महत्त्वाची ठरतात, कारण या जखमांवरचा उपचार एका खेपेत संपत नाही आणि दूरच्या रुग्णालयात पुन्हा पुन्हा जावे लागते.

कॉस्टिक सोड्याचे द्रावण किंवा संडास साफ करण्याचे आम्ल लहान मुलाने पाणी समजून प्यायले, की नळीचे अस्तर भाजते आणि जखम भरताना तयार होणाऱ्या कठीण व्रणामुळे काही आठवड्यांत ती आक्रसते. व्हिएन्नाचे हान्स साल्झर यांनी १९२० मध्ये व्रण घट्ट होण्याआधीच नळीत लवचीक सळई घालून ती रुंद ठेवण्याचा मार्ग सुचवला. ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागे, आणि गिळणे अशक्य झाल्यास पोटाला छेद देऊन जठरात थेट नळी बसवली जाई. फिलाडेल्फियाचे शेव्हेलिअर जॅक्सन यांनी दुर्बिणीद्वारे शेकडो मुलांवर उपचार केले, तरी त्यांचे खरे मोठे काम दुसरेच मानावे लागेल : त्यांच्या चिकाटीमुळे अमेरिकेत १९२७ मध्ये दाहक पदार्थांच्या वेष्टनावर विषाचा इशारा छापणे सक्तीचे झाले.

भारतात चंदीगडच्या झारगर आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमेच्या खोलीनुसार केलेली प्रतवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती जगभर वापरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, परंतु त्यामागचे कारण स्त्रियांवरील आम्लहल्ले हे होते, मुलांचे अपघात नव्हे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेले आम्ल त्यामुळे घरातच राहिले, आणि आता त्याच्या जोडीला खेळण्यांतील चपट्या बॅटऱ्या आल्या आहेत, ज्या नळीत अडकल्यास दोन तासांतही खोल जखम करतात. अशा वेळी मुलाला उलटी करायला लावू नये आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे.