नांगराची खबर

परवा दवाखान्यातून निरोप येणार होता. मोबाइल वाजला, घाईनं उघडला, तर कर्जाची जाहिरात! मला कर्ज नको होतं, हे पाठवणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना मात्र आपलं गिऱ्हाईक ठाऊक होतं. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. बेळगावात पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० साली औंधच्या राजांनी जागा दिली आणि कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. औंध आज साताऱ्यात, वाडी सांगलीत; तेव्हा संस्थान एकच.

इथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. मालाची जाहिरात होतीच, पण सोबत वाचायलाही मिळे. (पुढे नावातला 'खबर' गळाला. शब्द अरबी खरा. मला तो मराठीच वाटतो.) मग १९३० मध्ये बायकांसाठी 'स्त्री', १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. ज्याचं त्याला.

नकोशा जाहिराती थांबवायला २००७ पासून सरकारी नोंदवही आहे. १९०९ वर कळवायचं. वाडीची मासिकं मात्र लोक वर्गणी भरून मागवत.