युनिक्स शेल
युनिक्स शेल हा वापरकर्त्याने टंकलिखित केलेल्या आज्ञा वाचून त्या संचालन प्रणालीकडून पार पाडून घेणारा संगणक प्रोग्राम आहे. लिनक्स, मॅकओएस आणि इतर युनिक्ससदृश प्रणालींमध्ये तो उपलब्ध असतो.

शेल आणि टर्मिनल
हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि दोन्ही भिन्न आहेत. टर्मिनल म्हणजे पूर्वी मध्यवर्ती संगणकाला जोडलेले कळफलकयुक्त उपकरण होते. आता पडद्यावरील एक खिडकी तेच काम करते. टर्मिनल अक्षरे स्वीकारते व दाखवते, तर त्यांचा अर्थ शेल लावतो.

इतिहास
युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्प्सन यांनी लिहिला व तो १९७१ मध्ये वापरात आला. एका आज्ञेचे फलित थेट दुसरीला पुरवणारी 'पाइप' ही सोय डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेवरून १९७३ मध्ये जोडण्यात आली. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन बॉर्न यांचा बॉर्न शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आला. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅकओएसने २०१९ पासून नव्या खात्यांसाठी बॅशऐवजी झेडशेल हा मूलनियत शेल ठेवला.

कार्यपद्धती
शेल आज्ञा घेण्यास तयार असल्याचे प्रॉम्प्ट या खुणेवरून समजते. ओळीतील पहिला शब्द सामान्यतः आज्ञेचे नाव असतो. त्यापुढे पर्याय आणि फाइलनावे येतात. एंटर कळ दाबल्यावर आज्ञा अमलात येते. प्रारंभी पुढील आज्ञा उपयोगी पडतात:
• पीडब्ल्यूडी – सध्याची डिरेक्टरी दाखवणे
• एलएस – डिरेक्टरीतील फाइलींची यादी दाखवणे
• सीडी – दुसऱ्या डिरेक्टरीत जाणे
• सीपी – फाइलीची प्रत करणे
• आरएम – फाइल काढून टाकणे
• मॅन – आज्ञेची माहितीपुस्तिका उघडणे

टॅब कळ अर्धवट लिहिलेले नाव पूर्ण करते. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्यास चालू आज्ञा सहसा थांबते.

सावधगिरी
आरएम आज्ञेने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही आणि आज्ञा मागे घेण्याची सोय नसते. शेल ओळीचे तुकडे रिकाम्या जागेवरून पाडतो. त्यामुळे 'जुनी यादी' नावाची फाइल काढण्यासाठी ते नाव अवतरणचिन्हांविना लिहिल्यास शेल 'जुनी' आणि 'यादी' अशी दोन नावे समजतो. 'यादी' नावाची वेगळी फाइल तेथे असल्यास ती नष्ट होते आणि जी काढायची ती तशीच राहते. तारकाचिन्हाचा विस्तारही आज्ञा चालण्यापूर्वी शेलच करतो व त्याजागी जुळणारी सर्व नावे घालतो. म्हणून तारकाचिन्ह वापरून फाइली काढण्यापूर्वी तेच चिन्ह एलएस आज्ञेसोबत वापरून कोणती नावे जुळतात हे पाहणे हितावह ठरते. आरएमचा 'आय' हा पर्याय प्रत्येक फाइलीपूर्वी संमती विचारतो.

देवनागरीचा वापर
यूटीएफ-८ संकेतन वापरणाऱ्या प्रणालींवर फाइलींना देवनागरी नावे देता येतात. मात्र टर्मिनल पडद्याची विभागणी समान रुंदीच्या चौकटींत करत असल्याने काही टर्मिनलांमध्ये मात्रा व जोडाक्षरे विस्कळीत दिसतात; फाइलीच्या मूळ नावावर त्याचा परिणाम होत नाही.